विमान-प्रतिकृती, प्रमाणबद्ध : प्रारंभीची जेट लढाऊ विमाने

प्रत्यक्ष विमानाची सर्व मापे एकाच प्रमाणात कमी करून त्याचे आकारमान, पृष्ठभाग, रंग व चिन्हे यांसह घडविलेल्या लहान रूपास प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. उडणारी प्रतिकृती आणि स्थिर प्रतिकृती असे तिचे दोन भेद होत. पहिलीत उड्डाणक्षमतेसाठी पंखांची जाडी, वजन, शेपटाचे क्षेत्रफळ इत्यादींबाबत मूळ विमानाशी थोडीफार तडजोड करावी लागते. दुसरीत अशी तडजोड क्षम्य मानली जात नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्थिर प्रतिकृतींचा, त्यांतही १९४० ते १९६५ या काळातील जेट लढाऊ विमानांच्या जुळणी-संचांचा, म्हणजे किटांचा, आणि त्या अनुषंगाने भारतीय वायुसेनेच्या विमानांचा विचार केला आहे.

या क्षेत्रात १:७२ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. सहा फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणात एक इंच उंचीचा होतो. ब्रिटिश मापपद्धतीत हिशेबाला हे सोयीचे असल्याने ते रुजले. १:४८ मध्ये एका फुटास पाव इंच व १:३२ मध्ये तीन अष्टमांश इंच असे माप पडते. १:७२ च्या प्रतिकृतीत एक मिमी.ची चूक मूळ विमानावर ७२ मिमी.ची, म्हणजे जवळजवळ चार बोटांची ठरते. पत्र्यांच्या सांध्याची रेघ पाव मिमी. रुंद कोरली, तर मूळ विमानावर ती १८ मिमी. रुंदीची भेग होईल. अशी भेग असलेले विमान कोणताही वैमानिक धावपट्टीवर नेणार नाही.

अशा प्रतिकृतींचा उगम खेळण्यांत जितका आहे तितकाच युद्धोपयोगी शिक्षणातही आहे. ब्रिटनमध्ये १९३० नंतर ‘स्कायबर्ड्स’ या नावाचे लाकडी संच १:७२ प्रमाणात मिळू लागले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या व्यापारी नावाच्या उत्पादकांनी ‘पेंग्विन’ मालिकेत सेल्यूलोज ॲसिटेटाचे साच्यातून काढलेले संच विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण तोफखान्यास व निरीक्षकांस देणे आवश्यक झाले. त्यासाठी काळ्या रंगाच्या ओळख-प्रतिकृती मोठ्या संख्येने लागल्या. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरीन हे स्वस्त व साच्यात रेखीव उतरणारे प्लॅस्टिक उपलब्ध झाले. निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापिलेल्या ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा छोटा संच वूलवर्थ दुकानांतून विकला. त्यानंतर विमानांच्या संचांची मालिका सुरू झाली.

जेट विमाने आणि प्लॅस्टिकचे संच यांचे तारुण्य एकाच दशकात आले, हा योगायोग महत्त्वाचा आहे. पंखे, तारा, आधारदांड्या यांचे जंजाळ जेट विमानात नसते. त्याचा गुळगुळीत, निमुळता देह साच्याच्या दोन अर्ध्या भागांत सहज बसतो. तथापि ही विमाने गोपनीय असत. उत्पादकांना कारखान्याचे आराखडे मिळत नसत, तेव्हा वृत्तपत्रीय छायाचित्रांवरून व प्रदर्शनातील ओझरत्या दर्शनावरून अंदाजाने रेखाटने करावी लागत. सोव्हिएट विमानांबाबत तर निव्वळ कल्पनेवर भिस्त होती. ‘अरोरा’ या अमेरिकन कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ‘मिग-१९’ म्हणून विकलेले विमान प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते.

भारताची पहिली जेट विमाने द हॅव्हिलँड कंपनीची व्हँपायर होत. ती नोव्हेंबर १९४८ मध्ये आली. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांचे परवान्याने उत्पादन झाले. प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने या विमानाची एक मौज आहे. त्याच्या मधल्या देहाचे कवच प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवून बनविलेले होते. ज्या लाकडातून शाळकरी मुले आपले ग्लायडर कापतात तेच हे लाकूड. पंख व दोन शेपूटदांडे मात्र धातूचे होते. म्हणून व्हँपायरच्या प्रतिकृतीत मधल्या देहावर पत्र्यांच्या सांध्यांचे जाळे कोरणे ही उघड चूक होय. तेथे लाकडी कवचाचा अखंड, रंग दिलेला पृष्ठभागच दाखविला पाहिजे. दुसरी बाब पंखांची. भारतात प्रथम आलेल्या एफ ३ प्रकाराचा पंखविस्तार १२.१९ मी. होता आणि पंखांची टोके गोलाकार होती. नंतरच्या लढाऊ-बाँबफेकी प्रकारात तो ११.५८ मी. करण्यात येऊन टोके छाटली गेली. १:७२ मध्ये हा फरक सुमारे साडेआठ मिमी. पडतो व नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. बाजारात दीर्घकाळ छाटलेल्या पंखांचेच संच प्रामुख्याने मिळत असल्यामुळे भारताचे पहिले जेट विमान म्हणून मांडलेली कित्येक रूपे वास्तविक त्याच्या धाकट्या भावाची असतात. एअरफिक्सने १:४८ प्रमाणात एफ ३ चा संच २०२१ मध्ये काढला.

व्हँपायरचा शेवट मराठी वाचकाला जवळचा आहे. पुण्याच्या लोहगाव तळावरील ४५ क्रमांकाचे दल ऑगस्ट १९६५ मध्ये पठाणकोटला हलविण्यात आले. १ सप्टेंबर रोजी छांब भागातील पाकिस्तानी रणगाड्यांवर सायंकाळी जी विमाने धाडण्यात आली, त्यांत बारा व्हँपायर होती. त्यांपैकी चार परतली नाहीत. तेव्हा हे विमान युद्धाच्या मानाने जुने झालेले होते. त्यानंतर ते आघाडीवरून मागे घेण्यात आले. या विमानाची प्रतिकृती करताना तळ, दल व तारीख निश्चित करण्याचा आग्रह धरावा लागतो, तो केवळ हौसेपोटी नव्हे.

फ्रान्सकडून आलेली दासो कंपनीची उरागां (भारतीय नाव तुफानी, १९५३ पासून) आणि मिस्टेअर ही विमाने येथे नामोल्लेखापुरती पुरेत. हंटर हे ब्रिटिश विमान मात्र संचांच्या बाबतीत भाग्यवान ठरले. एअरफिक्सने त्याचा १:७२ चा संच १९६० च्या सुमारास काढला आणि नंतर अनेक देशांच्या कंपन्यांनी त्यात भर घातली. पंखविस्तार १०.२६ मी. व लांबी १४ मी. असलेले हे विमान १:७२ मध्ये १४२ मिमी. रुंद व १९४ मिमी. लांब होते. भारतीय हंटर करताना पंखाच्या पुढील कडेवरील करवतीच्या दातासारखा टप्पा आणि नाकाखाली तोफांच्या रिकाम्या कड्या साठविणारे दोन फुगवटे विसरून चालत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाड्यांचा विध्वंस करणारी विमाने हीच.

नॅट या विमानाचा विचार अधिक विस्ताराने करणे प्राप्त आहे, कारण त्याच्या बाबतीत संचांचा इतिहास व युद्धाचा इतिहास एकमेकांपासून अगदी दूर गेले. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी फॉलंड कंपनीसाठी आखलेले हे लहान, हलके व स्वस्त विमान १८ जुलै १९५५ रोजी प्रथम उडाले. ब्रिटनच्या वायुसेनेने लढाऊ विमान म्हणून ते नाकारले. फिनलंड व युगोस्लाव्हियाने मोजकी घेतली. भारताने मात्र १९५६ मध्ये परवाना घेतला. आरंभीची काही विमाने तयार आली, मग अर्धवट जुळविलेली, मग सुट्या भागांच्या रूपाने, आणि अखेर बंगलोरला ती मुळापासून बनू लागली. पूर्ण आकाराचा जुळणी-संच म्हणावा असाच हा प्रकार होता. ३ सप्टेंबर १९६५ रोजी २३ क्रमांकाच्या दलातील ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून पाकिस्तानी सेबर विमान पाडल्याची नोंद झाली. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व सीमेवरील बॉयरा येथे २२ क्रमांकाच्या दलातील नॅट विमानांनी सेबर पाडली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवरील हल्ला एकट्याने अंगावर घेताना १८ क्रमांकाच्या दलातील निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले. परमवीर चक्र मिळविणारे ते वायुसेनेचे एकमेव अधिकारी होत.

ब्रिटनने नॅट घेतले ते दोन आसनांचे प्रशिक्षण विमान म्हणून. १९६५ ते १९७९ या काळात ‘रेड ॲरोज’ या कसरती पथकाने ते लाल रंगात जगभर मिरविले. साहजिकच एअरफिक्सचा १:७२ चा संच या प्रशिक्षण विमानाचा निघाला आणि अनेक दशके तोच सहज मिळत राहिला. परंतु प्रशिक्षण विमानाचा देह ९.६८ मी. लांब व पंखविस्तार ७.३२ मी. आहे, तर भारतीय लढाऊ नॅट ८.७४ मी. लांब व ६.७३ मी. रुंद. १:७२ मध्ये लांबीत सुमारे १३ मिमी. व रुंदीत ८ मिमी. इतका हा फरक आहे. शिवाय पंखाच्या मागील कडेवरील हालत्या भागांची रचना निराळी, वैमानिकाचे छत निराळे. आणि लढाऊ नॅटच्या हवाप्रवेशांच्या बाजूंत बसविलेल्या ३० मिमी.च्या दोन तोफा प्रशिक्षण विमानात मुळीच नाहीत. संचातील दुसऱ्या आसनावर पुटी भरून व भारतीय चिन्हे लावून ‘सेबरमारक नॅट’ तयार केल्याचे समाधान पुष्कळांनी मानले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते रूप प्रामाणिकपणे नॅट-प्रशिक्षकच राहू द्यावे. पुढे झेक प्रजासत्ताकातील ‘स्पेशल हॉबी’ या लहान कंपनीने एक आसनी नॅट आणि त्याचे भारतीय सुधारित रूप अजीत या दोहोंचे १:७२ चे संच काढले. तेव्हा हा प्रश्न बव्हंशी सुटला. पण नॅट १९७९ मध्ये व अजीत १९९१ मध्ये सेवेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता.

नॅटसंबंधी एक रचनाविशेष सांगण्याजोगा आहे. त्याची चाके देहातच मिटतात आणि चाकांची दारे अर्धवट उघडली की तीच हवाई रोधक म्हणून काम करतात. म्हणून उड्डाणातील नॅट दाखवायचे असल्यास दारे किंचित उघडी ठेवणे चुकीचे ठरत नाही, उलट ते वेग कमी करीत असल्याचे सूचित होते.

आता मारुत. दुसऱ्या महायुद्धातील फॉके-वुल्फ विमानांचे जर्मन अभिकल्पक कुर्त टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोरला हे विमान घडले आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. त्यापूर्वी १९५९ मध्ये पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बनवून डकोटा विमानाच्या मागे ओढून उडविण्यात आले होते. मूळ विमानाची बाह्य मापे, झडपा व चाके त्यात ठेवून त्याची हाताळणी आधीच तपासली गेली. प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूच्या नंतर येणारी नक्कल, असा जो समज आहे तो या ठिकाणी उलटा पडतो; येथे १:१ प्रमाणाची प्रतिकृती आधी आली व विमान तिच्यामागून आले. वातविवरातील परीक्षणासाठी बनविल्या जाणाऱ्या लहान प्रतिकृतीही याच कुळातील होत. त्यांची अचूकता कोणत्याही हौशी कारागिराला लाजविणारी असते.

मारुतची लांबी १५.८७ मी. व पंखविस्तार ९ मी., म्हणजे १:७२ मध्ये २२० व १२५ मिमी. एकूण १४७ विमाने बांधण्यात आली. पुरेशा शक्तीचे इंजिन न मिळाल्याने नॅटमधील ऑर्फियस इंजिनाच्याच जातीची दोन इंजिने त्यात बसवावी लागली, आणि अपेक्षित वेग कधीच गाठता आला नाही. तरी १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर या विमानांनी चांगली कामगिरी केली. १९९० पर्यंत ती निवृत्त झाली. दुसऱ्या कोणत्याही देशाने हे विमान वापरले नाही, त्यामुळे एअरफिक्स, रेव्हेल, हेलर, तामिया यांसारख्या मोठ्या उत्पादकांच्या यादीत मारुतला स्थान मिळाले नाही. कोणते विमान प्लॅस्टिकमध्ये चिरंजीव व्हावे हे त्याच्या पराक्रमावर नव्हे, तर साच्याचा खर्च भरून काढणाऱ्या ग्राहकसंख्येवर ठरते. मारुत करावयाचे तर रेझिनच्या अल्पसंख्य संचांचा शोध घ्यावा लागतो, किंवा बाल्सा, प्लॅस्टिकचा पत्रा व पुटी यांतून ते मुळापासून घडवावे लागते. सुदैवाने प्रत्यक्ष विमाने शिल्लक आहेत : पुण्यातील कमला नेहरू उद्यानात, मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात, दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात, तसेच जर्मनीत म्युनिकनजीक श्लाइसहाइम येथे. उद्यानातील विमानावर मोजपट्टी धरून मापे घेता येतात. मात्र त्याच्या रंगावर विसंबू नये. उघड्यावर उभी असलेली विमाने वेळोवेळी रंगविली जातात, आणि रंगारी हाती येईल तो हिरवा डबा उघडतो.

कृती : वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरले जाते. थंड होताना ते किंचित आकसते, म्हणून साचा त्या मानाने मोठा कोरतात. पूर्वी कारागीर दोन-तीन पट मोठा नमुना घडवीत व पँटोग्राफच्या साहाय्याने तो पोलादात लहान करून उतरवीत. आता संगणकीय आराखडा व ठिणगी-क्षरण यांनी हे काम होते. साच्यातून भाग सुटून यावा यासाठी खोल, आत वळलेले आकार टाळावे लागतात. जेट विमानाच्या संचांत हवाप्रवेश व निष्कासनलिका नेहमी कच्च्या राहतात त्या यामुळेच. कुशल प्रतिकृतीकार नळीच्या आतला सांधा पुटीने भरून, ओल्या पॉलिश पेपरने घासून बुजवितो. हवाप्रवेशातून डोकावल्यावर समोर कोरी भिंत दिसली तर बाकीचे सर्व श्रम फुकट जातात. दुसरी अडचण तोलाची. नाकाखाली चाक असलेली जेट विमाने प्रतिकृतीत हमखास शेपटावर बसतात. त्यासाठी देह बंद करण्यापूर्वी नाकात शिशाचे छर्रे चिकटवावे लागतात. व्हँपायरमध्ये ही जागा फार थोडी असते व विसर पडल्यास नंतर उपाय राहत नाही. सांधे जोडणारा द्रव गोंदासारखा चिकटत नाही, तो प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो. जादा लावल्यास कोरलेल्या रेघा पुसल्या जातात.

भारतात ही कला प्रथम उडत्या प्रतिकृतींच्या रूपाने आली. राष्ट्रीय छात्रसेनेची वायुशाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि तिच्या शिक्षणक्रमात प्रतिकृती-बांधणीला स्थान मिळाले. बाल्साचे संच कलकत्त्याच्या ‘इंडियाज हॉबी सेंटर’ सारख्या दुकानांकडून मिळत. प्लॅस्टिकचे संच मात्र आयातबंदीमुळे दुर्मिळ होते व परदेशातून येणाऱ्या आप्तांच्या सामानातूनच मुख्यतः येत. उपभोग्य वस्तूंवरील अखेरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोपर्यंतच्या पिढीने साबणाच्या वड्या, खडू व सागाचे तुकडे यांतूनही हंटर कोरले आहेत.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे या विषयाचे दोन धागे एकत्र येतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी मुलांना तयार करणारी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ मध्ये येथे स्थापन झाली. दुसरीकडे चिकलठाणा व वाळूज येथील वाहन-उद्योगाच्या आश्रयाने साचे घडविणारे कुशल कारागीर या शहरात तयार झाले. इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लॅस्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था यांतून साचा-अभिकल्पनाचे शिक्षण दिले जाते. मोटारीच्या दिव्याचा पारदर्शक भाग निर्दोष काढणाऱ्या साचाकारास नॅटचे छत काढणे अवघड नाही. तरीही मारुत किंवा अजीत यांचा पोलादी साचा भारतात झाला नाही, याचे कारण कौशल्याचा नव्हे तर ग्राहकांचा अभाव हे आहे. महाराष्ट्रातच नाशिकजवळील ओझर येथे मिग-२१ विमानांचे उत्पादन झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे ती सेवानिवृत्त झाली. त्यांचे परदेशी संच मात्र विपुल आहेत, कारण ते विमान अनेक देशांनी वापरले.

रंग व चिन्हे यांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. स्वातंत्र्यानंतर प्रथम काही काळ वायुसेनेच्या विमानांवर निळे अशोकचक्र होते. नंतर बाहेर केशरी, मध्ये पांढरे व केंद्रात हिरवे असे वर्तुळ आले. चक्राचे की वर्तुळाचे चिन्ह द्यावयाचे, यावरून प्रतिकृतीचे वर्ष ठरते. विमानाच्या क्रमांकापुढील अक्षरे त्याची जात सांगतात : हंटरसाठी ‘बीए’, नॅटसाठी ‘आयई’, मारुतसाठी ‘बीडी’. १९६५ च्या युद्धारंभी नॅट बहुधा उघड्या धातूच्या चंदेरी रूपात होती. हिरवे-करडे आच्छादन घाईघाईने नंतर चढविले गेले, आणि ते तळागणिक वेगळे होते. ३ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातील पसरूर येथे उतरलेले ‘आयई १०८३’ हे नॅट कराची येथील पाकिस्तान वायुसेना संग्रहालयात आजही उभे आहे.